बाटलीवर तुझं नाव अर्धंच होतं

ठके, तो आला होता. तुझ्या पाचव्या दिवशी, भर उन्हाचा, डोक्यावर ओला रुमाल टाकून चढ चढत आला. तपासणीतला कारकून. भोरच्या बाजारपेठेमागच्या ज्या खोलीत माणसांचं रक्त, लघवी, बेडका घेतात आणि काचेखाली बघतात, तिथं दाराशी टेबल मांडून नावं लिहिणारा. मी ओट्यावर बसलो होतो. त्यानं चपला लांब काढल्या आणि अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. दुखवट्याला आलेल्या माणसाला आपण घोंगडं टाकतो. वैरी आला तरी टाकतो. सुनेनं घोंगडं उचललं तेव्हा मी तिला म्हणालो, ठेव तिथंच.

तू असतीस तर टाकलं असतंस. वर 'लई लांबनं आलासा' असं म्हणाली असतीस. आपला तंटा हाच होता, आणि तो अर्धा टाकून तू निघून गेलीस. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. ज्यांना भांडायला घरात दुसरं कुणी आहे त्यांनी म्हणावं. मला तूच होतीस.

सगळं तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा पहिल्यापासून सांगतो, कारण तू जिवंत होतीस तोवर मधेच 'जाऊ द्या' म्हणायचीस आणि मला शेवटापर्यंत कधी बोलू दिलं नाहीस. आता तुला मधे बोलता येत नाही. ऐक.

भात पिवळं पडायला लागलं होतं आणि तुझा खोकला थांबत नव्हता. वेल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, भोरला जाऊन बेडका तपासून घ्या. आपण बाजारचा दिवस धरला. वेल्ह्याहून एसटीनं नसरापूर, तिथं दुसरी गाडी, मग भोर. फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून तू अशी निघालीस जशी माहेरच्या जत्रेला चाललीयस. खोलीशी पोचलो तर हा कारकून म्हणाला, बायकांची गर्दी आहे, पुरुषांनी बाहेर थांबा. मी बाहेर भिंतीला टेकून बिडी ओढत बसलो. आत काय झालं ते तू येताना गाडीत सांगितलंस, आणि सांगताना इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली.

त्यानं विचारलं, नाव. तू म्हणालीस, ठकूबाई. त्यानं विचारलं, मालकाचं नाव. झालं. तू पदर तोंडाला लावलास.

तुझी ती रीत मला काय नवी होती? लग्नात उखाण्यात घेतलं असशील तेवढंच. ते गाण्यात गेलं. साध्या बोलण्यात माझं नाव तुझ्या तोंडातून कधी आलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तर शेजारीण सांगायची. शाळेत आपल्या गणपाचं नाव घालायला गेलीस तेव्हा मास्तरांना म्हणालीस, 'ह्याच्या बापाचं नाव ह्यालाच इचारा.' गावात ते चालून जायचं, कारण गावात सगळ्यांना ठाऊक असतं कोण कुणाची. भोरला तुला कोण ओळखतंय?

"मालकाचं नाव सांगा बाई, खोळंबा होतोय," कारकून म्हणाला.

"त्ये भाईर बसल्यात. त्यास्नीच इचारा."

"प्रत्येकीसाठी मी बाहेर जाऊ का? उखाणा घ्या हवं तर. उखाणा घेतला की लवकर सोडतो."

सगळ्या बायका हसल्या. तू आणखी लाजलीस. तुझं वय काय, घरात सून काय, आणि तू नव्या नवरीसारखी पदरात तोंड घालून बसलीस. तो म्हणाला, बरं राहू दे, गाव कुठलं. तू म्हणालीस, पालीच्या वर, गडाच्या अंगाला आमची वाडी. तो म्हणाला, म्हणजे वेल्हेच. त्याला तिकडचं सगळंच वेल्हे. आडनाव सांगितलंस ते तिकडच्या निम्म्या गावांचं एकच. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, ठकूबाई, वेल्हे. चिठ्ठीला खळ लावली आणि रुंद तोंडाच्या बाटलीवर चिकटवली.

तुझ्या मागं एक तरणी पोर उभी होती, कडेवर लेकरू. तिला विचारलं, नाव. ती म्हणाली, ठकूबाई. पुन्हा बायका हसल्या. मालकाचं नाव? तिनं तुझ्याकडं बघितलं आणि तुझ्यासारखाच पदर ओढला. वडीलधाऱ्या बाईनं घेतलं नाही ते तिनं कसं घ्यावं. गाव कुठलं, तर नदीपल्याड, तेही वेल्ह्याकडचंच. आडनाव तेच. मग दुसरी बाटली, दुसरी चिठ्ठी. ठकूबाई, वेल्हे.

स्टँडवर पिंपळाखाली तुम्ही दोघी एका फडक्यावर भाकरी खाल्लीत. ती तुला आक्का म्हणायला लागली. तिचं माहेर कामथडीचं, बाळंतपणापासून खोकला, सासू कडक, नवरा सासूच्या शब्दाबाहेर नाही, हे सगळं एवढ्या वेळात तू तिच्याकडून काढून घेतलंस. गाडीत मला म्हणालीस, "आज माजीच मी मला भेटली. वाईच तरणी व्हती येवढंच."

कागद आणायला मीच गेलो. कागद एका उभ्या तारेला टोचून ठेवलेले असायचे, खाटकाकडं बिलं असतात तसे. कुणाचं, म्हणाला. मी म्हणालो, ठकूबाई, वेल्ह्याकडची. त्यानं वरचा ओढून दिला. म्हणाला, जंतू नाहीत, साधा खोकला आहे. नसरापूरला मी गरम भजी घेतली आणि बांधून घरी आणली. तू खाल्लीस आणि म्हणालीस, "उगा घाबारलाव."

मग आपण काय काय केलं. अडुळसा उकळला. मध चाटवला. शेळीचं दूध, हळद, ओवा. देवऋष्याकडं जायचं तू नाही म्हणालीस, पण मी जाऊन अंगारा आणला आणि तुझ्या उशाखाली ठेवला. कागदावर काही नाही म्हटल्यावर माणूस आणखी काय करणार? तू वाळत गेलीस. आणि पुढच्या आवणीला, गुडघाभर चिखलात रोपं लावताना तू खोकलीस आणि गढूळ पाण्यात तांबडं पसरलं. तू पायानं चिखल हलवलास, कुणाला दिसू नये म्हणून. मला दिसलं होतं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्या तरण्या डॉक्टरनं तुझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला. "हे बरंच जुनं आहे, बाबा. आधी बेडका तपासला नव्हता का?"

मी मुंडाशात जपून ठेवलेला कागद काढून दिला. त्यानं वाचला, फोटो बघितला, तुझ्याकडं बघितलं. "हा कागद ह्यांचा नसणार," म्हणाला.

मला तेवढंच ऐकू आलं. पुढं तो काय काय बोलला ते ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या कारकुनाची मान होती आणि माझे दोन हात. आणि तू काय म्हणालीस? बाहेर बाकावर बसल्यावर, श्वास लागलेला, ओठ काळे पडलेले, आणि म्हणालीस, "अवो, मग माजा कागूद कुनाला ग्येला?"

मला कळेना ही काय बोलती. तुला तेव्हाच कळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, आजच्या आज भरती व्हा. तू म्हणालीस, सोमवारी येते, एक काम आहे. मी तुझा दंड धरला. माणसं बघायला लागली. मी म्हणालो, काम गेलं खड्ड्यात, हितं निज. तू माझा हात सोडवलास आणि कठडा धरून जिना उतरलीस, एकेक पायरी थांबत. तुझ्या मागनं येताना मी तुला काय काय शिव्या दिल्या त्या तू ऐकल्यास. परत घेत नाही.

कामथडीला गाडी थांबवलीस. तिचं माहेर विचारत विचारत आपण गेलो. भावजय दारातच म्हणाली, "तिच्याकडं काय काम? लांब ऱ्हावा. तिला त्यो रोग हाय." ती धाकटी ठकूबाई गोठ्याला लागून काढलेल्या पडवीत होती. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी चूल. कागद हातात पडल्यावर सासूनं तिला त्याच आठवड्यात माहेरी घातली होती आणि लेकरू ठेवून घेतलं होतं. आणि ती कशी होती? धडधाकट. दंड भरलेले. तुझ्यापेक्षा चांगली दिसत होती, आणि रोज सुई घेत होती. सुया घेऊन घेऊन तिचे कान गेले होते. आपण हाक मारली तर तिनं मागं वळून बघितलंच नाही. पुढं जाऊन उभे राहिलो तेव्हा ओळखलं.

"आक्का," म्हणाली, आणि उठून मागं सरकली. "जवळ येऊ नगासा. मला झालंय."

तू अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसलीस, पदर नाकातोंडाला घट्ट लावून. तिथनं ओरडून बोलावं लागत होतं. ओरडायला तुझ्यात दम नव्हता. एक शब्द, मग खोकला, मग पुढचा शब्द.

"तुला काय बी न्हाई गं. त्यो रोग माजा हाय."

तिला ऐकू येईना. ती मान हलवत होती, काय म्हनता, काय म्हनता. तू पुन्हा ओरडलीस. भावजय आतनं बाहेर आली, भाऊ रानातनं आला, शेजारपाजार गोळा झालं. त्या सगळ्यांपुढं तू छाती बडवून सांगितलंस, माझा आहे, माझा, हिची बाटली माझ्या नावानं गेली आणि माझी हिच्या. लोक असलं दुखणं लपवतात. सोयरीक मोडते म्हणून लपवतात. आणि माझी बायको परक्या गावात छाती बडवून सांगतीय की ते माझं आहे. मला लाज वाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तुझ्याइतकं मोठं माणूस मी आजवर बघितलं नाही, हेही त्याच वेळी मला कळलं, आणि त्याचाही मला राग आला. मोठेपण करायला तुला दुसरा दिवस नव्हता का? आधी भरती झाली असतीस. मग यायचं होतं.

भाऊ म्हणाला, "मावशे, आमी मानू. पर तिच्या सासरचं मानायची न्हाईत. तुमी तपासणीतनं लिवून आना."

म्हणून पुन्हा भोर. खोलीतल्या डॉक्टरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमच्याकडं असं होत नाही. कारकून टेबलाशी मान खाली घालून होता. त्यानं वही उघडली, मागची पानं काढली आणि हळू म्हणाला, "साहेब, त्या दिवशी दोन्ही नावं सारखीच लिहिलीत."

"म्हणून बाटल्या बदलल्या असं कशावरून?" डॉक्टर म्हणाला. "लेखी काही मिळणार नाही. हवं तर दोघींनी पुन्हा बेडका द्या." आणि आत निघून गेला.

कारकुनानं नवी चिठ्ठी घेतली. तुझ्याकडं न बघता म्हणाला, "नाव सांगा."

मी दारातच होतो. ह्या खेपेला मला कुणी बाहेर घातलं नव्हतं. तू पदर तोंडावरून काढलास आणि म्हणालीस, "ठकूबाई कोंडिबा. कोंडिबा माज्या मालकाचं नाव. लिवा. आन आता नीट लिवा."

खोलीत बायका होत्या, दोन-चार बाप्ये होते. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तुझा आवाज कसा होता ते मला अजून आठवतंय. फाटका, पण स्पष्ट. कुणी सातबारा वाचून दाखवावा तसं घेतलंस माझं नाव. मी बाहेर आलो. बिडी काढली आणि ती पेटेना.

मग गाडीत आपलं जे झालं ते सगळ्या गाडीनं ऐकलं. कंडक्टर दोनदा म्हणाला, बाबा, दमानं. मी म्हणालो, पहिल्या दिवशी काय जीभ झडली होती? एक शब्द. एक शब्द बोलली असतीस तर आज ही वेळ आली नसती. त्या पोरीचे कान गेले नसते. तुझी छाती गेली नसती. कसली लाज, कुणाची लाज?

तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "लाज न्हवती."

"मग काय व्हतं?"

"नाव घेतलं की मालकाचं आविष्य कमी व्हतं. माज्या आईनं सांगितलं व्हतं."

मग म्हणालो, "आन आज घेतलंस ते?"

तू हसलीस, ठके. तसल्या दमात हसलीस. "आता म्याच आदी जानार. आता तुमास्नी काय व्हतंय."

हे तू बोललीस. मग नसरापूरपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिलीस. तुला वाटलं भांडण मिटलं. मिटलं नव्हतं. माझं आयुष्य कमी होऊ नये म्हणून तू तुझं त्या टेबलावर ठेवून आलीस आणि मला विचारलंही नाहीस. मला हवंय का विचारलंस? मला हे एकट्याचं आयुष्य हवं होतं, असं कुणी सांगितलं तुला? तुझ्या आईनं सांगितलं. तुझ्या आईला वर गाठलीस की विचार, तिचा जावई खाली काय करतोय.

पुढचं काय सांगायचं. सोमवारी भरती झालीस. सुया, गोळ्या, सगळं दिलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. खाचर वाहून गेल्यावर बांध घालून उपयोग नसतो, हे मला शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. तू म्हणालीस, घरी न्या, गड दिसंल तिथं निजवा. निजवली. धाकटीलाही तिच्या भावानं भोरला नेऊन बेडका द्यायला लावला होता, त्या दुसऱ्या खेपेचे दोघींचे कागद आले. तुझा खराब, तिचा चांगला. पण तिची सासू म्हणाली, एवढ्या सुया टोचल्यावर चांगलाच येणार, पहिला खराबच होता ना? लेकरू काही दिलं नाही. शेवटच्या दिवसांत तुझ्या तोंडात तेच होतं. "तिचं न्हाई झालं वो." माझ्यासाठी काही बोल म्हटलं तर तेच. कारकुनाचं नाव काढलं की म्हणायचीस, "त्याला लेकरं हायत. तुमी तळतळाट करू नगा." माझा तळतळाट कुठं लागतोय? लागत असता तर तो त्या उन्हात चालत आला असता?

आता त्या पाचव्या दिवसाकडं येतो.

तो अंगणात बसला. मग पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. म्हणाला, "बाबा, मी आता पद्धत बदलली. बाटलीला नंबर. तोच नंबर वहीत, तोच कागदावर, तोच ह्या कार्डावर. कार्डावर माणसाचं पुरं नाव, वाडी, वय, आधी काय तपासलं ते सगळं. सुताराकडून पेटी करून घेतली, गावागावाची कार्डं वेगळी उभी ठेवतो. बाईनं मालकाचं नाव नाही घेतलं तरी आता बदलायचं नाही. नंबर बदलत नाही."

"आता?" मी म्हणालो.

"हो."

"बायको मेल्यावर सुचलं तुला."

त्यानं कार्ड पुढं धरलं. त्यावर तुझं नाव होतं, ठकूबाई कोंडिबा, आपल्या वाडीचं नाव, आणि वर कोपऱ्यात एक आकडा. म्हणाला, "पहिला नंबर त्यांचा ठेवलाय. दुसऱ्या कुणाला देणार नाही."

ठके, मी त्याला मारणार होतो. खरं सांगतो. खुरपं ओट्यावरच होतं. मेलेल्या बाईला नंबर घेऊन आलाय. मी उठलो, आणि मला तुझं तेच आठवलं, तिचं न्हाई झालं वो. मी त्याच्या बखोटीला धरलं.

"कार्ड तुज्या पेटीत ठेव. मला कागूद नगं, नंबर नगं. तू चल. तिच्या सासरी चल आन तोंडानं सांग."

माझा धाकटा भाऊ आडवा आला. "दादा, सुतकात परगावी जात्यात व्हय? लोक काय म्हनतील?"

"लोकास्नी सांग, तुजा दादा सुतकातच म्येला."

निघालो. चप्पल घातली नव्हती मी, सुतकात घालत नाहीत. तो मागं, मी पुढं. नदी उतरून पल्याड. वाटेत तो एकदा म्हणाला, "बाबा, साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल." मी म्हणालो, जाऊ दे. पुढं म्हणाला, "मला तीन पोरी आहेत." मी म्हणालो, त्या पोरीला एक आहे, बघायला मिळत नाही. मग तो मागनं चालत राहिला. पळाला नाही, हे म्हणावं लागेल. पळायला वाट होती.

तिच्या सासरी सासू दारात तांदूळ निवडत बसलेली. नवरा, दगडू त्याचं नाव, बैल सोडत होता. मी म्हणालो, मी मेलेल्या ठकूबाईचा नवरा, आणि हा ज्यानं बाटल्यांवर नावं घातली तो. बोल रे.

तो बोलला. अंगणात उभा राहून, चारचौघांत. "चूक माझी. दोन्ही बाटल्यांवर मी एकच नाव लिहिलं. कागद देताना बघितलं नाही. तुमच्या बाईला कधीच काही नव्हतं. ज्यांना होतं त्या वारल्या."

सासूनं सूप खाली ठेवलं. "आता तिला ऐकाया येत न्हाई म्हनं. भैरी सून घिऊन म्या काय करू?"

दगडू एवढा वेळ दावं हातात धरून उभा होता. त्यानं दावं टाकलं, पुढं आला आणि कारकुनाच्या तोंडात मारली. चष्मा उडाला. मी मधे पडलो नाही. तू पडली असतीस, मला माहीत आहे. मी बघत उभा राहिलो. कारकुनानं चष्मा शोधला, पुसला, घातला, आणि तिथंच उभा राहिला, दुसरी बसेल म्हणून. दुसरी बसली नाही. दगडू आईकडं वळला आणि म्हणाला, "आये, तुजं ऐकत ग्येलो म्हनून तिचं कान ग्येलं. आता तिच्या जाग्यावर तुला ऐकाया लागंल. गप बस."

त्यानं लेकरू खांद्यावर घेतलं आणि तसाच कामथडीच्या वाटेला लागला. बैल मी बांधले.

येताना कारकुनाला आपल्या वाडीवरनंच जायला लागलं. अंधारून आलं होतं. मी त्याला राहा म्हणालो नाही. माफही केलं नाही. सुनेनं त्याला भाकरी बांधून दिली, ती मी बघितली आणि न बघितल्यासारखं केलं. एवढंच. ह्यापेक्षा जास्त माझ्याकडून मागू नकोस. त्याची पेटी, त्याचे नंबर, उद्या शंभर बायांचं त्यानं भलं होईल, होऊ दे. मी त्या शंभर बायांचा नवरा नाही.

काल तुझं तेरावं झालं. ती आली होती. दगडू, कडेवर लेकरू, आणि ती. भरीला डोक्यावर तांदळाचं गाठोडं. आल्या आल्या चुलीपाशी गेली आणि कामाला लागली, कुणी सांगितलं नाही. बहिरं माणूस मोठ्यानं बोलतं, तसं तिचं सगळं बोलणं अंगणात ऐकू येत होतं. मीठ कुठं, पळी कुठं. पंगत उठल्यावर ती माझ्या पुढ्यात येऊन बसली आणि तिनं माझे पाय धरले.

मग मी म्हणालो, पोरी, एक ऐक. तिला ऐकू गेलं नाही. मी ओरडलो. पंगतीतली सगळी माणसं थांबली.

"मालकाचं नाव घेत जा. दवाखान्यात, कचेरीत, जिथं इचारतील तिथं घे. कोनी मरत न्हाई. माज्या बायकोनं घेतलं. मी म्येलो का?"

तिला कळलं. तिनं दगडूकडं बघितलं. तो खरकटी पत्रावळ हातात घेऊन उभा होता. बायकांनी तोंडाला पदर लावले, कुणी तरी हसू दाबलं. आणि तिनं घेतलं. बहिऱ्याच्या त्या मोठ्या, उघड्या आवाजात, सगळ्या वाडीला जाईल असं. "दगडू."

तो खाली बघत पत्रावळ्या गोळा करत राहिला. त्याला काही झालं नाही.

मलाही काही होत नाही, ठके. रोज सकाळी उठतोय.